चार सोमवार

"हातात किती येतीन, बाबा?" दामिनीने विचारलं आणि ताराचंदने चहाचा कप बशीवर असा आदळला की चहा उडून त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर पडला. तसं पाहिलं तर विचारण्यात वावगं काही नव्हतं. पोरगी बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षा देणारी. आज डिसेंबरची सात तारीख, बापाच्या जन्मातल्या पहिल्या पगाराचा दिवस. रविवार असला तरी तो ज्या साड्यांच्या गोदामात लागला होता ते चालू होतं आणि पगार आजच होणार होता. तेव्हा कोणीही विचारेल. पण त्रेपन्नाव्या वर्षी गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी अडकवून निघालेल्या माणसाला सकाळी सकाळी हा प्रश्न कानशिलात बसल्यासारखा लागला, कारण त्याचं उत्तर त्याला ठाऊक नव्हतं. "चौदा हजार बोलले ना ते," तो म्हणाला. "बोलले ते वेगळं, बाबा. कटून किती?" कटून! हा शब्द या घरात त्याने मागावर विणत छत्तीस वर्षं ऐकला होता आणि तो पुन्हा ऐकावा लागू नये म्हणूनच तर ही नोकरी धरली होती. "कटन कशाचं? म्या कोनाचं कापड खराब केलं काय?" तो गरजला. चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पण ताराचंद अजून त्याला चूलच म्हणे, तिथे बसलेली त्याची बायको मनकर्णा मान न वळवता म्हणाली, "पोरगी सिधं विचारून राहिली तं सिधं सांगा ना. भडकून काहून राहिले?" तेव्हा ताराचंदने दारातून चप्पल पायात सरकवत, घरात ऐकू जाईल आणि शेजारीही ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "सोळा. सोळा हजार येतीन. लिहून ठेव." आणि सायकल काढली.

सोळा हा आकडा हवेतून आला नव्हता. चौदा तर बोलीचेच होते. वर चार सोमवार. सोमवारी त्याची सुट्टी असे, पण तो महिन्यातल्या चारही सोमवारी कामावर गेला होता, आणि दिवसाचे पाचशे धरले तर चार दिवसांचे दोन हजार सरळच होत होते. तांडापेठेतून निघून इतवारीच्या गल्ल्यांतून लकडगंजकडे सायकल मारताना त्याने हा हिशोब पुन्हा मनात मांडला आणि तो पुन्हा तितकाच भरला. तरीही जीव थाऱ्यावर येईना. थंडी चांगलीच होती, तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी मफलर गुंडाळलेली माणसं वाफा सोडत उभी होती. त्या माणसांचाही त्याला राग आला. काय निवांत खातात! यांच्या बायका यांना आकडे घालून देत नसतील. मनकर्णाने घालून दिला होता. नोकरी लागली त्याच दिवशी तिने जाहीर केलं होतं, "पहिला पगार बाराच्या वर आला तं माग निघीन, मागाचा खड्डा बुजीन आन् समोरची खोली पोरीची होईन. बाराच्या खाली आला तं नोकरीचा काही भरोसा नाही, मंग माग राहू द्या पाठीशी." ताराचंदने मान हलवली होती. घरात दोनच खोल्या. एकीत स्वयंपाक, देव, मनकर्णा आणि तो. दुसरीत माग, आणि मागाच्या कडेला जुन्या साडीचा पडदा लावून केलेल्या अडीच हात जागेत दामिनी. शाळेपासून ती तिथेच झोपत होती. सकाळी उठली की केसांत सुताचा भुसा असे. मागे एकदा तिची मैत्रीण लतिका घरी आली होती, तिने पडदा वर करून विचारलं, "तू इथं झोपतेस?" आणि दामिनी हसून म्हणाली होती, "हो ना, एकदम स्पेशल बर्थ आहे." ताराचंद तेव्हा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. ते हसणं त्याने ऐकलं, आणि पोरीवर नाही, लतिकेवरही नाही, स्वतःच्या पायांवर चिडला, की हे दोन पाय ठेवायला आपण केवढी जागा अडवून बसलो आहोत. मग पगार मोठा यावा असं त्याला वाटत होतं की लहान यावा? विचारायची सोय नव्हती. चारचौघांत त्याला सोळा हवे होते, आणि मागासमोर उभं राहिलं की बाराच्या वर एक रुपयाही नको होता. एकाच माणसाला दोन्ही हवं असलं की तो चिडणार नाही तर काय करणार?

माग महिनाभर बंद होता. त्यावर एक टसरची साडी चढलेली होती, दीड हात विणायची राहिलेली. आता ती घ्यायला कोणी नव्हतं. सूत देऊन साडी घेऊन जाणारे नत्थूजी दिवाळीआधीच म्हातारपणाने आणि मंदीने धंदा आवरून मुलाकडे निघून गेले होते. जाताना म्हणाले, "ही साडी तू ठेव ताराचंद. मजुरीत समज." जसं काही उपकार. याच नत्थूजींनी छत्तीस वर्षं प्रत्येक साडी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. जिथे धागा तुटलेला, जिथे काठावरच्या करवतीच्या नक्षीची ओळ एका दात्याने चुकलेली, तिथे बोट ठेवून ते नुसतं ताराचंदकडे पाहत आणि मग मजुरीतून कापत. पन्नास, शंभर, कधी दोनशे. दामिनीच्या जन्माच्या आठवड्यात विणलेल्या साडीचे तर अर्धेच दिले होते. काठ चुकला होता त्याचा, दोन रात्री दवाखान्यात काढल्या होत्या. पण कापडाला काय त्याचं! मात्र एक गोष्ट खरी. नत्थूजींशी बोली एकदा व्हायची, सूत मागावर चढवायच्या वेळी. भाव बोलून झाला की विणणाऱ्याने पुन्हा विचारायचं नाही आणि देणाऱ्याने पुन्हा बदलायचा नाही. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटा म्हणणं. ताराचंदच्या बापाने हेच केलं, आज्यानेही हेच केलं. म्हणून गोदाम सांभाळणाऱ्या सुशीलने जेव्हा "काकाजी, चौदा हजार आणि सोमवारी सुट्टी," असं सांगितलं, तेव्हा ताराचंदने एकही प्रश्न केला नाही. कागद पुढे आले, त्याने सह्या केल्या. बँकेच्या खात्यासाठी फोन नंबर मागितला, त्याने दामिनीचा दिला, कारण त्याचा स्वतःचा फोन महिन्यातले पंधरा दिवस मेलेलाच असे. सगळं दहा मिनिटांत उरकलं. सुशील म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांचं पोरगं, जरीपटक्याच्या वस्तीतून मोटारसायकलवर येणारं, कानात सतत काहीतरी अडकवलेलं. वाईट नव्हता. पण वाईट नसलेल्या माणसांवर रागावणं फार कठीण जातं, आणि ताराचंदला गेला महिनाभर कोणावर तरी नीट रागवायचं होतं.

काम सोपं होतं. उंच टेबल, वर पांढरीफेक ट्यूबलाइट, समोर साड्यांचा गठ्ठा. एकेक साडी उलगडायची, डोळ्याखालून न्यायची, खोट दिसली तिथे लाल टिकली चिकटवायची. मग त्या साड्या बाजूला पडत आणि बाकीच्या खोक्यांत भरून देशभर जात. पहिल्या दिवशी त्याने पहिली टिकली चिकटवली तेव्हा त्याला नत्थूजींचं बोट आठवलं आणि हात आखडला. इथे ही साडी कुठल्या यंत्राने काढली, कोणाची मजुरी कापली जाणार, काहीच कळायला मार्ग नव्हता. पण डोळा तयार होता. दुसरे दोघे दिवसाला शंभर साड्या पाहत, तो एकशेचाळीस पाही. सोमवारी घरी बसायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. विणकराच्या घरी सुट्टी म्हणजे काय? माग थांबला की चूल थांबली. गणपतीत थांबला, लग्नात थांबला, तापाने फणफणला तेव्हा थांबला, आणि दर वेळी थांबण्याची किंमत घरातल्या डब्यांत मोजून घेतली. सुट्टी हा शब्द त्याला उपाशी दिवसासारखा ऐकू येई. तेव्हा पहिल्या सोमवारी तो रोजच्यासारखा आठला गेला, हजेरीच्या यंत्रावर अंगठा लावला, यंत्राने पीं केलं, कोणी हटकलं नाही. दुसऱ्या सोमवारी तर भानगडच झाली. एका गठ्ठ्यातल्या साड्यांवर कागदी चिठ्ठी होती, हातमागावर विणलेली, शुद्ध. ताराचंदने पहिलीच साडी उलगडली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. हातमाग? हाताने विणलेल्या कापडात माणूस दिसतो. सकाळी ठोका घट्ट पडतो, जेवण झाल्यावर जरा सैल, संध्याकाळी पाठ दुखायला लागली की पुन्हा वेगळा. ही साडी पहिल्या बोटापासून शेवटच्या बोटापर्यंत एकसारखी होती. त्याने सगळ्या ब्याऐंशी साड्यांवर लाल टिकल्या मारल्या. सुशील धावत आला. "काकाजी, काय करून राहिले? कुठं खोट हाये यात?" ताराचंदने चिठ्ठीवर बोट ठेवलं. सुशीलने कानातलं काढलं, आवाज खाली आणला, "काकाजी, आपल्याले कापड तपासायचं असते. चिठ्ठी नाही." आणि मग त्या ब्याऐंशी टिकल्या ताराचंदनेच नखाने खरवडून काढल्या, एक एक, डाग न पडू देता. त्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तो मागाकडे न पाहता सरळ आत गेला. मागावर विणून झालेल्या कापडात काठाची ओळ दोनदा चुकलेली होती, त्याला न पाहता ठाऊक होतं. त्या कापडात खोट होती आणि ते खरं होतं. रोज वाटे, बसावं, उरलेला दीड हात विणावा, अर्ध्या दिवसाचं तर काम. पण रात्री अंगात त्राण नसे, सोमवारी तो गोदामात, आणि खरं सांगायचं तर तेवढं विणून टाकलं की माग रिकामा होणार, आणि रिकाम्या मागाची बाजू कोण घेणार होतं?

दुपारी चारला पगाराच्या पावत्या वाटल्या. ताराचंदने ती पावती टेबलावर उजेडात धरली, साडी धरतो तशी, आणि वरून खाली पाहत गेला. खाली लिहिलं होतं, बारा हजार दोनशे पंचेचाळीस. त्याने पुन्हा पाहिलं. मग तो सुशीलच्या काचेच्या खोलीत गेला आणि पावती त्याच्यापुढे ठेवली. "हे काय गा?" सुशीलने समजावलं. पी.एफ.चे बाराशे, विम्याचे एकशे पाच, व्यवसाय कराचे दोनशे, गोदामाने दिलेल्या जाकिटाचे अडीचशे. "पी.एफ. तुमचाच हाये काकाजी, म्हातारपणी भेटीन." "म्हातारपण काय लांब बसलं हाये?" ताराचंद म्हणाला. "ते राहू दे. कापलं तं कापलं, कापून घ्यायची सवय हाये मले. सोमवार कुठं हायेत?" "कोणते सोमवार?" "चार. चार सोमवार आलो मी. अंगठा लावला. पाहून घे तुझ्या यंत्रात." सुशीलने खरंच पाहिलं. मग खुर्चीत मागे टेकून, जरा गोंधळून, जरा हसून तो म्हणाला, "अरे, सोमवार तं तुमचा ऑफ होता ना. ऑफचे पैसे चौदातच धरलेले असते. तुम्ही घरी झोपून राहिले असते तरी एवढेच आले असते." "घरी झोपून?" "हो ना. पगारी सुट्टी." "मंग आलो तेव्हा सांगितलं काहून नाही?" "मले वाटलं, हौसेनं येऊन राहिले. घरी करमत नसन म्हणून." हौसेनं! ताराचंदने टेबलावरची पावती उचलली. त्याला ओरडायचं होतं, पण कोणत्या शब्दाने ओरडावं तेच सुचेना, कारण पोरगं खोटं बोलत नव्हतं. छत्तीस वर्षांत जगात कोणीही त्याला बसून राहायचे पैसे दिले नव्हते. आता कोणीतरी चार दिवस दिले होते, आणि ते त्याने दाराशी नेऊन परत केले होते, वर पाचशे साड्या तपासून दिल्या होत्या. फुकट. आणि त्यातल्या एका दिवशी तर त्या ब्याऐंशी टिकल्या खरवडण्यात अख्खी दुपार घालवली होती. "एकदा विचारलं असतं काकाजी," सुशील हळू म्हणाला. त्या एका वाक्याने ताराचंदच्या बापाला, आज्याला आणि त्याला एका रांगेत उभं करून मूर्ख ठरवलं. त्याने पावतीची घडी केली, खिशात घातली आणि उरलेले दोन तास अशा रागाने साड्या उलगडल्या की शेजारचा माणूस टेबल सरकवून लांब बसला.

सायकलवर बसला तेव्हा मात्र राग आकड्यावर येऊन थांबला. बारा हजार दोनशे पंचेचाळीस. बाराच्या वर, दोनशे पंचेचाळीसने. जाकीट पाच-सहाशेचं असतं तर माग वाचला असता. सकाळी सोळा बोलून बसलो. आता काय सांगायचं? खरं सांगितलं तर नाकही जातं आणि मागही जातो. सोळाच सांगावं, कुठून तरी उसने आणून भरावेत, तर नाक राहील, माग जाईल. आणि खाली सांगितलं तर? अकरा? साडेअकरा? सोळाची गर्जना करून गेलेला माणूस साडेअकरा घेऊन परत आला तर मनकर्णा वर्षभर पुरवून पुरवून ऐकवील, शेजारचा ओमप्रकाश पानाच्या ठेल्यावर सांगत फिरेल. पण माग राहील. इतवारीच्या गर्दीत मालाच्या हातगाड्यांमधून वाट काढताना त्याने पावती खिशातून काढली, फाडली, पुन्हा फाडली आणि तुकडे नालीत टाकले. साडेअकरा. आयुष्यभर लोकांनी त्याची मजुरी कापली होती. आज तो स्वतःच कापणार होता, सातशे पंचेचाळीस रुपये, आपल्या हाताने, आणि त्याबद्दल त्याला कोणाला जाब द्यायचा नव्हता. हा विचार त्याला इतका आवडला की तांडापेठेच्या चढावर तो सायकलवरून उतरलासुद्धा नाही.

दार उघडंच होतं. दामिनी पडद्याबाहेर मागाच्या फळीवर पुस्तक घेऊन बसली होती, शेजारी फोन. मनकर्णा उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं, पण कोणी काही विचारलं नाही. हेच त्याला खटकायला हवं होतं. पण त्याचं सगळं लक्ष त्या एका आकड्याकडे होतं, तो तोंडात धरून तर त्याने अर्धं शहर ओलांडलं होतं. "साडेअकरा," तो म्हणाला. "साडेअकरा हजार आले. लय कापले त्यांनी. सोमवारही नाही धरले." मनकर्णाने लसणाची पाकळी ताटलीत टाकली आणि दामिनीकडे पाहिलं. दामिनीने शेजारचा फोन उचलला आणि उलटा करून पुस्तकावर ठेवला. अगदी सावकाश. तेव्हा ताराचंदला आठवलं. बँकेला दिलेला फोन नंबर. पैसे खात्यात पडल्याचा निरोप चार वाजताच या घरात आला होता, तो स्वतः यायच्या अडीच तास आधी. दोघींना पंचेचाळीसपर्यंत सगळं ठाऊक होतं. "साडेअकरा म्हणजे बाराच्या खाली झाले, आई," दामिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, लतिकेला बर्थ दाखवताना होता तसा. "मग माग राहील." मनकर्णाने बोटांवरची सालं झटकली. मग म्हणाली, "बोली झाली होती. बाराच्या खाली तं राहू द्या." आणि पुन्हा लसूण सोलू लागली.

ताराचंद चप्पल न काढता तिथेच उभा राहिला. कोणी भांडलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. मनकर्णाने सोळाचा विषय काढला असता, पोरीने फोन त्याच्या तोंडासमोर धरला असता, तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं आणि मोकळा झाला असता. पण या दोघींनी त्याचं खोटं असं हलकेच उचलून घेतलं होतं, घरातल्या आजारी माणसाचं ताट उचलतात तसं. त्याने पोरीकडे पाहिलं. तिच्या केसांत आजही, माग महिनाभर बंद असूनही, कानामागे सुताचं एक भुसकट अडकलेलं होतं. बावीस वर्षं. नत्थूजींनी कापलं, गोदामाने कापलं, आणि आज तो कोणाचं कापायला निघाला होता? त्याच्या अंगातून संतापाची अशी लाट गेली की हात मागाच्या खांबावर आपटला, आणि सगळा माग खडखडला. "बारा हजार दोनशे पंचेचाळीस!" तो ओरडला. ओमप्रकाशच्या घरापर्यंत नक्कीच गेलं असेल. "बारा दोनशे पंचेचाळीस आले! दिसते ना फोनमंदी? मंग खोटं काहून बोलून राहिली तू? बापाले शिकवते काय?" दामिनी उठून उभी राहिली. "बाबा, राहू द्या ना. मले इथं जमते." "तू गप राय! काही जमत नाही. कोनाले जमते?" त्याचा आवाज फाटला, तसा तो आणखी चढवला. "उद्या सोमवार हाये. उद्या मी जात नाही. पगारी सुट्टी हाये मले, समजलं काय? घरी बसायचे पैसे भेटते मले. सकाळून बसतो, दीड हात राहिलं हाये, जेवणापर्यंत होते. साडी कापून हाती देतो तुया. दुपारून माग काढू. ओमप्रकाशले बोलाव, खांब एकट्यानं निघत नाही."

मनकर्णाने ताटली बाजूला सरकवली, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि त्याच्यापुढे धरला. "बसा आता," ती म्हणाली. तो खड्ड्याच्या काठावर बसला, चपलेसकट, आणि पाय आत सोडले. महिन्याभरात खड्ड्याला गार माती चढली होती. पाणी पिता पिता त्याने मागावरच्या कापडावरची धूळ तळहाताने पुसली. काठाची चुकलेली ओळ तिथेच होती. सुशीलला, त्या काचेच्या खोलीला आणि ब्याऐंशी चिठ्ठ्यांना त्याने मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली. मग त्याच्या ध्यानात आलं, की उद्या तो इथे बसून विणेल त्या दीड हाताची मजुरी गोदाम देणार आहे. छत्तीस वर्षांतलं एकच कापड, ज्यातून कोणाला काही कापता येणार नाही.